ऑइल पितं कोण? ग्राइंडिंग मशीन, एक बॅरल आणि माझा ग्राफ

(बसमध्ये आवाज नीट येत नसेल किंवा इअरफोन घरी राहिला असेल तर हा एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले बरेचसे 'ॲक्चुअली' कापलेत, सगळे कापता आले नाहीत.)

आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, ऑइलचा आहे. ग्राइंडिंग मशीनमध्ये टाकायच्या ऑइलचा. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. यात एक माणूस चोर ठरता ठरता वाचलाय, आणि त्याला चोर ठरवायला निघालेला ग्राफ मी बनवला होता.

माझ्या मामांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीन, दोन शिफ्ट, आणि काम म्हणजे शाफ्टवर बेअरिंग जिथे बसतं तेवढा भाग घासून अचूक मापात आणायचा. साधारण 10 मायक्रॉनच्या आत. माणसाचा केस 70-80 मायक्रॉनचा धरला तर त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी चूक चालते, त्याहून जास्त झाली की जॉब भंगारात. मी बीटेक केलं ते कॉम्प्युटरमध्ये. मशीनशी संबंध फर्स्ट इयरला लोखंडाचा एक चौकोन कानशीने घासला तेवढाच, आणि तोही शेवटपर्यंत काटकोनात आला नाही.

तर एक दिवस मामांचा फोन. "अरे, 210 लिटरचं बॅरल सात महिने जायचं. आता पावणेदोन महिन्यांत संपतंय. चौपट! कोणीतरी नेतंय बाहेर. तुझ्या त्या ॲपमध्ये काही करता येईल का, कोण किती काढतो ते कळेल असं?"

मला काय, वीकेंडचं काम. बॅरलला क्यूआर कोड चिकटवला. ऑइल काढलं की स्कॅन करायचं, किती लिटर ते टाकायचं, नाव टाकायचं. सहा आठवड्यांनी ग्राफ काढला. दिवसपाळीच्या दोघांच्या रेषा जमिनीलगत, आणि रात्रपाळीच्या एका ऑपरेटर काकांची रेषा थेट वर. मी तो स्क्रीनशॉट मामांना पाठवला. सोबत एक इमोजीही पाठवला होता, त्याची आता लाज वाटते.

मामांनी काकांना काही बोलण्याआधी सुदैवाने एक गुरुवार मध्ये आला. भोसरीत सुट्टी गुरुवारची असते. त्या दिवशी मी नुसतं बघायला म्हणून वर्कशॉपमध्ये गेलो आणि तिथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

पहिली गोष्ट. गाडीचं इंजिन ऑइल 'खातं' म्हणतात तेव्हा ते खरंच थोडंफार जळतं. पिस्टनच्या रिंग झिजल्या की ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं आणि निळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. ग्राइंडिंग मशीनमध्ये असं जळण्याचं ठिकाणच नाही. थोडं वाफेनं किंवा तुषार होऊन उडत असेल, पण लिटरच्या लिटर नाहीसं होत नाही. म्हणजे बॅरलमधून गेलेला प्रत्येक लिटर कुठेतरी असतोच. जमिनीवर, ट्रेमध्ये, जॉबला चिकटून, गाळात, नाहीतर कूलंटमध्ये. ऑइल जास्त 'लागतंय' असं आपण म्हणतो तेव्हा खरा प्रश्न ते कुठे गेलं हा असतो. आमच्याकडे मेमरी लीक शोधतात तसंच. मेमरी हवेत विरत नाही, कोणीतरी ती धरून बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. एका ग्राइंडिंग मशीनमध्ये तीन वेगवेगळी ऑइलं असतात आणि तिघांचा हिशोब वेगळा.

ग्राइंडिंग व्हील ज्या स्पिंडलवर फिरतं त्याचं ऑइल फार पातळ असतं. ऑइलच्या जाडपणाला आयएसओ व्हीजी नावाचा आकडा असतो, 40 अंश तापमानाला मोजलेला. स्पिंडल ऑइलचा आकडा 2 ते 10 च्या आसपास असतो, कारण स्पिंडल आणि बेअरिंग यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. तिथे जाड ऑइल घातलं तर स्पिंडल तापतं, आणि पुढे काय होतं ते मामांनी एकदा स्वतः पैसे मोजून पाहिलंय. दुसरं हायड्रॉलिक ऑइल. टेबल डावी-उजवीकडे सरकतं ते याच्या दाबावर. ते टाकीतून निघतं, काम करतं, टाकीत परत येतं. फिरत राहायचं, संपायचं नाही. आणि तिसरं स्लाइडवे ऑइल, म्हणजे टेबल आणि व्हीलहेड ज्या पट्ट्यांवरून सरकतात त्या पट्ट्यांचं.

या तिसऱ्याची गंमत अशी की मामांच्या मशीनवर ते परत येतच नाही. बाजूला चार लिटरची छोटी टाकी असते, तिला टायमर. ठरावीक मिनिटांनी पंप एक डोस मारतो, ऑइल पट्ट्यांवर पसरतं, काम करतं आणि कडेने ओघळून खाली जातं. एकदाच वापरायचं. म्हणजे या ऑइलचा खप शून्यावर आणायचा प्रयत्न करणं हाच वेडेपणा, कारण ते संपण्यासाठीच घातलेलं असतं. फक्त किती वेगाने संपतंय ते माहीत पाहिजे.

आता गुरुवारच्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये मी जुनी बिलं काढून बसलो. (ऑडिट हा सॉफ्टवेअरवाल्यांचा छुपा छंद आहे.) बिलांत दिसलं की दिवाळीपर्यंत बॅरलबरोबर 20 लिटरच्या बादल्याही यायच्या, महिन्याला सरासरी दीड. दिवाळीनंतर बादल्या बंद. मामांना विचारलं तर म्हणाले, "ते स्लाइडवेचं ऑइल. महाग पडायचं. बॅरलवर पण 68, बादलीवर पण 68. मग दोन कशाला घ्यायची? सगळीकडे बॅरलमधलंच टाका म्हटलं."

बघा, इथे चौपटीचा फुगा थोडा उतरला. आधी महिन्याला 30 लिटर हायड्रॉलिक आणि 30 लिटर स्लाइडवे, असे एकूण 60 लागायचे. आता एकट्या बॅरलमधून 120. बॅरलपुरतं बघितलं तर चौपट, पण सगळ्या ऑइलचं बघितलं तर दुप्पट. मामा बॅरल मोजत होते आणि बंद झालेली बादली विसरले होते. आणि माझ्या ॲपमध्ये दिवाळीआधीचा डेटाच नव्हता, त्यामुळे मलाही ते दिसणं शक्य नव्हतं.

तरी दुप्पट का? 60 लिटर जास्तीचे गेले कुठे?

ते शुक्रवारी सकाळी कळलं. खरं तर नाकाने कळलं. पहिल्या शिफ्टला कूलंटचा पंप चालू केला आणि सडक्या अंड्याचा असा वास सुटला की मी दारापर्यंत मागे आलो. कूलंट म्हणजे घासताना जॉबवर सोडतात ते दुधासारखं पाणी, पाण्यात तीन-पाच टक्के तेलकट द्रव मिसळलेलं. परदेशी पुस्तकांत या वासाला 'सोमवार सकाळचा वास' म्हणतात, कारण त्यांची सुट्टी रविवारी. आमच्याकडे तो शुक्रवारी येतो.

रात्रपाळीचे काका शिफ्ट संपवून अजून निघाले नव्हते. त्यांना विचारलं, "काका, हा वास नेहमीचा आहे का?" ते म्हणाले, "पूर्वी नव्हता. थंडीपासून येतोय. बाटली बघा ना." आणि त्यांनी खिडकीतून पाण्याची एक रिकामी बाटली काढून दिली. त्यांनी आठवड्यापूर्वी कूलंट भरून ठेवली होती. खाली पांढरं पाणी, वर चांगला दोन बोटं जाडीचा पिवळट तपकिरी थर.

तो थर म्हणजे आपलं हरवलेलं ऑइल.

पट्ट्यांवरून ओघळलेलं ऑइल मशीनच्या बेडमधून थेट कूलंटच्या टाकीत उतरतं. तेल पाण्यावर तरंगतं हे आपल्याला आमटीवरच्या तर्रीने शिकवलंय. पंप बंद असताना तो थर टाकीवर झाकणासारखा बसतो, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे सुखाने वाढतात. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणून सडक्या अंड्याचा वास. कूलंट मग वेळेआधी फेकावं लागतं. म्हणजे मामा ऑइलचे पैसे दोनदा मोजत होते. एकदा बॅरलला, एकदा कूलंटला. वर ऑपरेटरच्या हाताला खाज येते ती वेगळीच.

आता 68 चं कोडं. दोन्ही डब्यांवर 68 हे खरं आहे, आणि दोन्ही ऑइलं 40 अंशाला सारखीच जाड असतात हेही खरं. पण तो आकडा फक्त जाडी सांगतो. स्लाइडवे ऑइलमध्ये चिकटून राहण्यासाठी आणि घर्षण बदलण्यासाठी वेगळी रसायनं घातलेली असतात. कूलंटचा फवारा आला तरी ते पट्टीला धरून राहतं. हायड्रॉलिक ऑइल पाइपमधून धावण्यासाठी बनवलेलं, त्याला पट्टीशी काही देणंघेणं नाही. फवारा आला की निघालं. शर्टाच्या कॉलरवर 40 लिहिलं म्हणून रेनकोट आणि बनियन एकच होत नाही, तसं.

ऑइल धुतलं गेल्यावर काय होतं? ग्राइंडिंगमध्ये शेवटी व्हील दोन-दोन मायक्रॉनने पुढे न्यायचं असतं. पट्टी कोरडी असेल तर व्हीलहेड हलतच नाही, अडून बसतं. तुम्ही परत दोन मायक्रॉन देता, तरी नाही. तिसऱ्यांदा देता आणि ते एकदम सहा मायक्रॉन उडी मारतं. जड कपाट सरकवताना होतं अगदी तसंच. जॉब मापाबाहेर.

डिसेंबरमध्ये असे जॉब एकामागोमाग जायला लागले तेव्हा काकांनी त्यांच्या अक्कलहुशारीने उपाय केला होता. टायमर 20 मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणला. चौपट ऑइल, पट्टी ओली, माप परत बरोबर. रिजेक्शन थांबलं. कोणी शाबासकी दिली नाही, कारण थांबलेलं रिजेक्शन कोणालाच दिसत नाही. त्यांनी हे लपवलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. चार लिटरची टाकी आधी 10 दिवस जायची, म्हणजे 25 दिवसांच्या महिन्यात एका मशीनला 10 लिटर. टायमर चौपट झाल्यावर तीच टाकी अडीच दिवसांत रिकामी, म्हणजे महिन्याला 40. टायमर दोन मशीनवर बदलला होता. दोन मशीनचे 80, तिसरीचे 10, हायड्रॉलिकचे 30. एकूण 120. जुळलं! एक लिटर इकडे ना तिकडे.

(तिसरीवर का नाही बदलला? तिच्या पट्ट्यांवर जुन्या रिकंडिशनिंगमध्ये टर्साइटचा थर लावलाय. ते टेफ्लॉनच्याच घराण्यातलं प्लास्टिक. तिथे मुळात अडकणं कमी होतं, म्हणून कमी ऑइलमध्येही ती गप्प चालत होती.)

आणि माझा ग्राफ? चार लिटरची टाकी अडीच दिवसांत संपायला लागली की कोणीतरी रोज बघितली पाहिजे. दिवसपाळीचे दोघं बघत नव्हते. रात्री काका आले की आधी तिन्ही टाक्या बघायचे, भरायचे आणि प्रामाणिकपणे स्कॅन करायचे. ॲपमध्ये 'कोणी काढलं' हा कॉलम होता, 'कुठे टाकलं' हा नव्हताच. मग काय होणार? जो मशीनची काळजी घेत होता, तोच चोर दिसला.

हायड्रॉलिकचे ते 30 लिटरही मला खुपत होते. फिरून टाकीत येणारं ऑइल महिन्याला 30 लिटर भरावं का लागतं? मामा म्हणाले, ते आधीपासूनच आहे. हे 'आधीपासूनच' फार महागात पडतं. मेकॅनिकने टेबल उचललं तेव्हा एका मशीनच्या सिलिंडरच्या रॉडवरून थेंब पडताना दिसला. साधारण पाच सेकंदांना एक. एवढंसंच ना? पण एका मिलिलिटरला 20 थेंब धरा, दोन शिफ्टचे 16 तास मशीन चालू धरा. दिवसाला 576 मिली, महिन्याला 14 लिटरच्या वर. जमिनीवर डाग नाही, कारण तो थेंबही कूलंटच्याच वाटेने जात होता.

सील गळायला लागलं की गळती अशी झरझर का वाढते याचं एक गणित मला फार आवडलं. अरुंद फटीतून दाबाखाली जाणारा द्रव फटीच्या घनाच्या प्रमाणात जातो. बाकी सगळं तेच ठेवून फट दुप्पट केली तर गळती आठपट, तिप्पट केली तर सत्तावीसपट. त्यात ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये हवेत आणि कूलंटमध्ये काय उडतंय? व्हीलची ॲल्युमिनियम ऑक्साइडची कणी, भयंकर कडक. ती सीलच्या रबरी ओठात रुतून बसते आणि रॉडला चर पाडते. मग नवीन सील टाकलं तरी ते जुन्या चरावर बसतं आणि महिन्याभरात परत गळतं. लोक सीलच्या कंपनीला शिव्या देतात. आमच्याकडे रॉडही काढून हार्ड क्रोम करून घ्यावा लागला. उन्हाळ्यात हे आणखी वाढतं, कारण 40 अंशाला 68 असलेलं ऑइल 60 अंशाला निम्म्याहून पातळ झालेलं असतं, आणि पातळ ऑइल तेवढ्याच फटीतून जास्त पळतं.

अजून दोन-तीन कारणं भराभर सांगतो, आमच्याकडे ती नव्हती पण तुमच्याकडे असू शकतात. 'थोडं जास्तच भर, चांगलं असतं' या विचाराने काचेच्या खुणेच्या वर ऑइल भरलं तर ते घुसळलं जातं, फेस होतो आणि ब्रीदरमधून बाहेर येतं. ब्रीदर म्हणजे टाकीला श्वास घ्यायचं भोक. ते कचऱ्याने बुजलं तर आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही ऑइल बाहेर ढकलतं. ब्रीदरची जाळी साफ करायला दहा मिनिटं लागतात आणि लोक आधी सील बदलतात. गिअर आणि थ्रेड ग्राइंडिंगवाले पाण्याऐवजी निव्वळ ऑइलच कूलंट म्हणून वापरतात, तिथे खरा चोर म्हणजे गाळ. ग्राइंडिंगचा गाळ लोकरीसारखा बारीक तंतूंचा असतो, भरपूर ऑइल धरून ठेवतो. भंगारवाल्याला गाळ विकता तेव्हा ऑइलही विकत असता, लोखंडाच्या भावात. म्हणून काही ठिकाणी तो प्रेसमध्ये दाबून पिळून घेतात.

आणि एक फसवी गोष्ट. हायड्रॉलिक टाकीची लेव्हल खाली जात नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. बेडमधून कूलंट उलटं टाकीत शिरत असेल तर जेवढं ऑइल जातं तेवढं पाणी येतं, काच भरलेलीच दिसते. ऑइलचा रंग ताकासारखा झाला की समजायचं.

मागच्या एपिसोडखाली एकाने विचारलं होतं की चंद्रपूरच्या सिमेंट प्लांटमधलं ग्राइंडिंग पण असंच का. मशीन पूर्ण वेगळं, प्रश्न तोच. तिथल्या उभ्या रोलर मिलमध्ये रोलर मिलच्या पोटातच फिरतात. आतली हवा पंख्याने ओढलेली असते, म्हणजे आत दाब कमी, आणि रोलरच्या बेअरिंगमधलं ऑइल त्या ओढीने आत खेचलं जाऊ शकतं. धूळ बाहेर आणि ऑइल आत राहावं म्हणून सीलभोवती वेगळ्या पंख्याने हवा सोडतात. त्या पंख्याचा फिल्टर चोंदला की आधी धूळ सीलमध्ये शिरते, मग सील जातं, मग ऑइल दगडाच्या भुकटीत मिसळून निघून जातं. खाली एक डागही दिसत नाही. आणि जुन्या बॉल मिलच्या मोठ्या उघड्या गिअरवर वंगण फवारलं जातं ते बहुतेक ठिकाणी परत येतच नाही, आपल्या स्लाइडवेसारखं. म्हणून कोणी 'मिल ऑइल खूप घेते' म्हणालं की आधी विचारा, कोणत्या जागचं ऑइल?

परत भोसरीत. स्लाइडवे ऑइलच्या बादल्या पुन्हा सुरू झाल्या. दोन्ही टायमर 20 मिनिटांवर आणले, एकदम नाही, आधी 10 वर आणून चार दिवस माप बघितलं, मग 20. कूलंटवरचा थर ओढून काढणारा बेल्ट स्किमर लावला. तरी महिन्याला 45-46 लिटर ऑइल लागतंच. त्यातलं 30 स्लाइडवेचं, ते लागणारच. मामा अजूनही त्या 30 कडे संशयाने बघतात.

काकांना मामा काही बोलले का? सॉरी वगैरे नाही म्हणाले, आमच्या मामांचा तो स्वभाव नाही. पण पुढच्या वेळी ऑइल मागवायचं होतं तेव्हा त्यांनी फोन दुकानदाराला करायच्या आधी काकांना केला, कोणतं मागवू म्हणून. आणि मी ॲपमधला नावाचा कॉलम काढून टाकला. त्या जागी आता दोन प्रश्न आहेत. कोणतं मशीन, कोणती टाकी. काकांनी तिसरा सुचवला, टायमर किती मिनिटांवर आहे. तो या आठवड्यात टाकतोय.

तुमच्या ओळखीत कोणाचं वर्कशॉप असेल तर सुट्टीनंतरच्या सकाळी पंप चालू व्हायच्या आधी कूलंटच्या टाकीत एकदा डोकावा, आणि काय दिसलं त्याचा फोटो पाठवा. नाक झाकून काढला तरी चालेल.